नातीची तहान आणि सुनेचे दूध

पत्राचा सारांश: विदर्भातील एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, साठी ओलांडलेल्या एका आजींनी हे पत्र लिहिले आहे. त्यांच्या सुनेचे सिझेरियन होऊन सात आठवडे झाले असून, सुनेची आई हयात नसल्यामुळे बाळंतपण सासरीच झाले. नात जन्मली तेव्हा २.८ किलोची होती आणि दीड महिन्याच्या लसीकरणाच्या दिवशी तिचे वजन ३.८ किलो भरले. सून बँकेत नोकरी करते. सहा महिने फक्त अंगावरचे दूध पाजायचे. पाणी, मध, गुटी यांपैकी काहीही द्यायचे नाही, असे तिने ठरवले आहे. नात मात्र रोज दिवेलागणीपासून दोन-तीन तास रडते. उन्हाळा ऐन भरात असताना लेकराला पाण्याचा थेंबही मिळू नये हे आजींना सहन होईना, म्हणून सून आंघोळीला गेली असता त्यांनी उकळून गार केलेले पाणी दोन चमचे पाजले. सुनेला ते कळले आणि तेव्हापासून दोघींमध्ये कामापुरतेच बोलणे होते. दूध पुरत नसेल, असे शेजारणी म्हणतात, आणि मुलाने पावडरच्या दुधाचा डबा आणून फडताळात ठेवला आहे. आजी विचारतात : "माझी दोन्ही मुले गुटी-पाण्यावर वाढली, त्यांना काही झाले नाही. मी आता गप्प बसावे, की मुलाला सांगून डबा सुरू करायला लावावा?"

सप्रेम नमस्कार ताई,

ज्या प्रश्नाने तुमची झोप उडाली आहे त्याचे उत्तर तुमच्याच पत्रात आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करते. तुमच्या नातीला आईचे दूध पुरत आहे. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत जवळजवळ प्रत्येक बाळाचे वजन थोडे उतरते, दहा ते चौदा दिवसांत ते जन्माच्या वजनाला परत येते आणि त्यानंतरचे पहिले तीन महिने दिवसाला साधारण पंचवीस ते तीस ग्रॅमने वाढते. तुमची नात दीड महिन्यात पूर्ण एक किलोने वाढली आहे आणि ही सगळी वाढ सुनेच्या दुधावर झालेली आहे. त्यातच दिवसाकाठी सहा किंवा त्याहून अधिक वेळा तिची लंगोटी ओली होत असेल, तर दूध पुरते की नाही याबद्दल शेजारणींचे मत विचारण्याची गरज उरत नाही.

मग ती रडते का, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार, आणि तो अगदी रास्त आहे. बाळ रडले म्हणजे भुकेले असणार, असे आपण इतके गृहीत धरतो की दुसरे कारण मनात येतच नाही. परंतु तान्ह्या बाळांचे रडणे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढू लागते, सहाव्या आठवड्याच्या आसपास सर्वांत जास्त असते आणि तीन-चार महिन्यांपर्यंत आपोआप ओसरते. तेही बहुतांश संध्याकाळीच असते. अंगावर पिणारी आणि डब्याचे दूध पिणारी अशा दोन्ही बाळांमध्ये हे दिसते. शिवाय याच वयात पुष्कळ बाळे संध्याकाळी अर्ध्या-अर्ध्या तासाने पुन्हा छातीशी जायला मागतात, आणि नेमक्या त्याच वेळी आपल्या घरांमध्ये देवापाशी दिवा लावायचा असतो, कणीक मळायची असते, कुणीतरी भेटायला आलेले असते आणि बाळंतिणीला दहा वेळा उठावे लागते. आणखी एक गोष्ट याच सुमारास घडते. सुरुवातीला दाटून येणारी, दुखणारी छाती आता मऊ लागू लागते, आणि आई घाबरते की दूध आटले. ते आटलेले नसते; बाळाला जेवढे लागते तेवढेच बनवण्याची सवय शरीराला झालेली असते. शौचाचेही तसेच आहे. दीड महिन्यानंतर फक्त अंगावर पिणारे बाळ दोन-चार दिवस शी न करताही मजेत असू शकते, पण ते पाहून घरोघरी सहाण आणि गुटीचा बटवा बाहेर निघतो.

आता पाण्याविषयी लिहिते. तुमच्याकडे वैशाखात भिंतीसुद्धा तापतात हे मला ठाऊक आहे आणि त्या उन्हात लहान जिवाला पाणी न देणे निर्दयपणाचे वाटावे, हेही मी समजू शकते. मात्र आईच्या दुधात शंभर भागांपैकी जवळपास अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असते, आणि प्रत्येक पाजण्याच्या सुरुवातीला येणारे दूध तर विशेष पातळ असते. उष्ण प्रदेशांतील बाळांवर झालेल्या अभ्यासांमध्येही हेच आढळले आहे, की फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाला सहा महिन्यांपर्यंत वेगळे पाणी लागत नाही. तहान लागली की ते अधिक वेळा, थोडे थोडे पिते. याउलट पाण्याने पोट भरले तर तेवढे दूध कमी प्यायले जाते, आणि पाण्यात पोषण काहीच नसते. पाणी उकळलेले असले तरी चमचा, वाटी आणि हात यांतून जुलाबाचे जंतू जाऊ शकतात. इतक्या लहान वयात मूत्रपिंडेही कोवळी असल्यामुळे वारंवार पाणी दिल्यास रक्तातील क्षार कमी होण्याचा धोका असतो. तुम्ही दिलेल्या त्या दोन चमच्यांनी नातीचे काही बिघडलेले नाही, ते मनातून काढून टाका. मात्र त्याची रोजची सवय होऊ नये. उन्हाळ्यात पाण्याची खरी गरज तुमच्या सुनेला आहे. बाळंतिणीला पाणी कमी द्यावे असे अजून अनेक घरांत मानले जाते आणि ते चुकीचे आहे. ती पाजायला बसली की पाण्याने भरलेला तांब्या तिच्या हाताशी ठेवणे हीच नातीची तहान भागवण्याची योग्य रीत आहे.

गुटीचा विषय अधिक नाजूक आहे, कारण तो मायेशी आणि आपल्या आई-आजीच्या आठवणींशी जोडलेला आहे. वेखंड, मुरडशेंग, हिरडा, जायफळ, हळकुंड, सागरगोटा यांचे वळसे सहाणेवर मोजून देणाऱ्या स्त्रियांकडे अनुभव होता, हे मी नाकारत नाही. अडचण अशी आहे की सात आठवड्यांच्या बाळाच्या पोटात त्यांतले नेमके किती गेले याचे माप कुणाकडेच नसते, सहाण आणि मुळ्या निर्जंतुक नसतात, आणि ज्या पोटदुखीवर वा रडण्यावर ती दिली जाते ते बहुतेक वेळा आपोआप थांबणारे असते. मधाच्या बाबतीत तर तडजोड नकोच. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात आणि त्यांच्यामुळे एक वर्षाच्या आतील बाळाला स्नायू लुळे पडण्याचा गंभीर आजार होऊ शकतो, म्हणून वर्ष पूर्ण होईपर्यंत मधाचे बोटसुद्धा लावू नये. डॉक्टरांनी लिहून दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब, लसीचे थेंब किंवा औषध मात्र द्यायचे असते. "फक्त आईचे दूध" या नियमात ते बसते.

तुमची मुले गुटी-पाण्यावर वाढली आणि सुखरूप राहिली, हे खरे आहे आणि आनंदाचेही आहे. पण त्या काळाविषयी दोन गोष्टी आठवून पाहा. पहिली ही, की १९९० च्या सुमारास आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी सुमारे ऐंशी बाळे पहिला वाढदिवस पाहत नसत, आणि २०२० मध्ये हा आकडा अठ्ठावीसवर आला. लसी, दवाखान्यातील प्रसूती, स्वच्छ पाणी अशी त्याची अनेक कारणे आहेत, परंतु जुलाबाने बाळे दगावणे कमी झाले हेही त्यांतले एक मोठे कारण आहे. जी बाळे वाचली त्यांच्या आया आज अनुभव सांगतात. जी गेली त्यांच्याविषयी कुणी बोलत नाही. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. तुमच्या बाळंतपणात तुमच्या अंघोळीचे पाणी कुणी तापवले, अळिवाची खीर कुणी केली, रात्री बाळाला कोण फिरवत होते? बहुधा आई, चुलती, जाऊ, नणंद, शेजारीण असे कितीतरी हात होते. मुले वाढण्यात गुटीपेक्षा त्या हातांचा वाटा मोठा असावा, असे मला मनापासून वाटते. आज तुमच्या सुनेला आई नाही आणि घरात मिळून तुम्ही चौघेच आहात, म्हणजे त्या सगळ्या जणींच्या जागी तिच्याकडे तुम्ही एकट्याच आहात.

फडताळातल्या डब्याकडे आता वळू. डबा सुरू केला की पहिल्या दिवशी सगळ्यांना बरे वाटते, कारण बाळ लांब झोपते. मात्र झोपलेले बाळ ओढत नाही, आणि दुधाचा सारा हिशेब ओढण्यावर असतो. उपसा असलेल्या विहिरीचे झरे वाहते राहतात, उपसा थांबला की ते मंदावतात, तसेच हे आहे. दोन-तीन आठवड्यांत आईचे दूध खरोखरच कमी होते आणि मग सगळे म्हणतात, "पाहा, आम्ही सांगतच होतो." रात्रीचे पाजणे चुकवले तर हे आणखी लवकर होते, कारण दूध तयार करणारे संप्रेरक रात्री अधिक प्रमाणात स्रवते. तुम्हाला शक्य असेल तर तो डबा हातात घेऊन त्यावरचा मजकूर वाचा. आईचे दूधच बाळासाठी सर्वोत्तम आहे, हे त्यावर छापणे कायद्याने बंधनकारक आहे. १९९२ च्या या कायद्याने आणि २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांखालील बाळांच्या अशा पदार्थांची जाहिरात करण्यास व त्यांचे नमुने फुकट वाटण्यासही मनाई केली आहे. असा कायदा करावा लागला, यावरूनच या डब्याचा मोह किती मोठा आहे हे कळते.

तुम्ही माझ्यापुढे दोन वाटा ठेवल्या आहेत, गप्प बसण्याची आणि डबा सुरू करण्याची, आणि मला त्या दोन्ही पटत नाहीत. बाळाला काय पाजायचे हा सुनेचा एकटीचा हट्ट आहे आणि आपण एकतर तो सोसायचा किंवा मोडायचा, असे यामागचे गृहीत आहे. वस्तुतः फक्त आईचे दूध पाजणे एकट्या आईच्या हातून क्वचितच निभते. बाळ दिवस-रात्रीतून आठ ते बारा वेळा पिते, प्रत्येक वेळी वीस-पंचवीस मिनिटे जातात, आणि सिझेरियनचा टाका अजून ओढत असतो. हे सगळे सांभाळून ती स्वयंपाकघरही पाहू लागली, तर दुधाआधी तीच संपून जाईल. बाळाला पाजायचे काम तिचे, आणि उरलेले सगळे घराचे, अशी वाटणी तुम्ही उघडपणे जाहीर केलीत तर मला फार आनंद होईल.

त्याची सुरुवात मात्र एका बोलण्याने व्हावी. सून निवांत असताना तिच्याजवळ बसून म्हणा, "पाणी दिले ते काळजीपोटी, पण तुला न सांगता दिले हे बरोबर केले नाही. आता तुला विचारल्याशिवाय काही देणार नाही. तुला माझ्याकडून काय हवे ते सांग." यात तुमचा मान कमी होत नाही. पाठीमागे बाळाला काही दिले जाईल या भीतीने जी आई आंघोळीलाही धड जाऊ शकत नाही, तिला पान्हा फुटायलाही वेळ लागतो, कारण भीती आणि ताण यांमुळे दूध वाहते करणारे संप्रेरक अडते. बोलता बोलता तिच्या मनाचीही विचारपूस करा. ती उगाच रडते का, बाळ झोपले तरी तिला झोप येत नाही का, तिला आपल्या आईची आठवण फार छळते का? बाळंतपणानंतर येणारे नैराश्य हा आजार आहे. त्यावर उपचार आहेत, आणि तो सर्वांत आधी घरातल्या बाईच्याच लक्षात येतो.

संध्याकाळचे दोन-तीन तास पूर्णपणे तुमच्या आणि मुलाच्या ताब्यात घ्या. सुनेने त्या वेळी पंख्याखाली वा कूलरच्या खोलीत बसून हवे तितक्या वेळा पाजावे. पाजून झाले की नातीला खांद्यावर घेऊन ढेकर काढणे, अंगाई म्हणत फिरवणे, ओल्या फडक्याने अंग पुसणे ही कामे तुमची. आजीच्या खांद्यावर दूध नसते, म्हणून पोट भरलेले बाळ पुष्कळदा तिथेच लवकर शांत होते. रात्रीची लंगोटी बदलणे आणि बाळाला उचलून आईजवळ आणून देणे हे मुलाने करावे. डबा विकत आणण्यामागे त्याची काळजी आहे, तर ती काळजी त्याला अशा कामी लावता येईल. सुनेच्या ताटात भाकरी, वरण, उसळ, पालेभाजी, दूध, फळे असे नेहमीचे पोटभर जेवण असू द्या. अळीव आणि डिंकाचे लाडू प्रेमाने द्या, परंतु दूध वाढते ते मुख्यतः बाळाच्या ओढण्याने, हे लक्षात ठेवा.

पाजताना सुनेला दुखत असेल किंवा बोंडशीला चिरा पडल्या असतील, तर बाळाने नीट पकडलेले नाही असे समजावे. बाळाचे तोंड मोठे उघडलेले, हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि बोंडशीभोवतीचा काळा भागही शक्य तितका तोंडात गेलेला असावा. छातीत गाठ आली तर पाजणे थांबवू नये, त्या बाजूनेही नेहमीसारखे पाजत राहावे, आणि ताप आला तर डॉक्टरांना दाखवावे.

एक गोष्ट आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांच्यासाठीही येथे लिहून ठेवते. दवाखान्यात प्रसूती झालेल्या बाळाच्या घरी आशाताईंच्या ठरलेल्या भेटी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत असतात, आणि त्यानंतरची ठरलेली भेट तिसऱ्या महिन्यात येते. रडणे सर्वांत जास्त, शेजारणींचे सल्ले सर्वांत जास्त आणि आईचा आत्मविश्वास सर्वांत कमी असा जो काळ, तो नेमका या दोन भेटींच्या मध्ये पडतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिन्यांखालील सुमारे ६४ टक्के बाळे फक्त आईच्या दुधावर आढळली; म्हणजे तीनांतल्या एका बाळाला तेव्हाही वरचे काहीतरी दिले जात होते, आणि ते बहुधा अशाच एखाद्या संध्याकाळी सुरू होत असावे. त्यामुळे तुम्ही आशाताईंना स्वतःहून बोलावून घ्या. बचत गटाच्या बैठकीत, हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला हा विषय सासवांनीच काढावा, कारण सुनेने काढला तर तो उद्धटपणा ठरतो. बारशाला बाटली किंवा पावडरचा डबा घेऊन येणाऱ्या नातेवाइकांना आधीच सांगता येईल, की त्याऐवजी एका वेळचे जेवण करून आणा.

रायगडाचे दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या बाळासाठी कडा उतरून गेलेल्या हिरकणीचे आपण कौतुक करतो, आणि एसटी स्थानकांवरच्या स्तनपानाच्या खोल्यांना तिचे नाव दिले आहे हे योग्यच आहे. परंतु तिच्यावर कडा उतरण्याची वेळ का यावी, हेही आपण विचारले पाहिजे. बाजारात, कचेरीत, लग्नघरात पाजणाऱ्या आईला एक आडोसा आणि थोडा वेळ देणे हे दरवाजा उघडा ठेवण्यासारखेच आहे.

तुमची सून कामावर परतेल तेव्हा तुमची भूमिका आणखी मोठी होईल. पहिल्या दोन मुलांसाठी मातृत्व रजा २६ आठवड्यांची असते. त्यातले काही आठवडे प्रसूतीआधी गेले असतील, तर ती परतेल तेव्हा नात पाच महिन्यांच्या आतबाहेर असेल आणि सहा महिने पुरे व्हायला थोडा अवकाश असेल. तेवढ्या काळासाठी ती दूध काढून ठेवू शकते आणि ते तुम्ही वाटी-चमच्याने पाजू शकता. काढलेले दूध झाकणाच्या, उकळून स्वच्छ केलेल्या स्टीलच्या भांड्यात साध्या खोलीत चार तास आणि फ्रिजमध्ये चोवीस तास चांगले राहते. उन्हाळ्यात मात्र ते लगेच फ्रिजमध्ये ठेवावे. कोमट करायचे असेल तेव्हा भांडे गरम पाण्यात धरावे, दूध थेट गॅसवर ठेवू नये, आणि उष्टे उरलेले पुन्हा वापरू नये. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी दोन वेळा सुटी मिळण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय असणे बंधनकारक आहे. सुनेने शाखेत याबद्दल रजा संपण्याआधीच बोलून ठेवावे.

हे पत्र वाचणाऱ्या काही आयांना खरोखरच वरचे दूध द्यावे लागलेले असेल. काही आजारांत, काही औषधांच्या काळात, किंवा वजन वाढत नसताना डॉक्टर तसे सांगतात आणि तेव्हा ते दिलेच पाहिजे. त्याबद्दल कुणीही आईला बोल लावू नये. तेही बाटलीऐवजी वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, मापाने आणि स्वच्छ उकळलेल्या पाण्यात द्यावे. तुमची नात पिण्यास कंटाळू लागली, सुस्त पडून राहू लागली, लघवी सहा वेळांपेक्षा कमी होऊ लागली, ताप आला, किंवा तिचे रडणे नेहमीपेक्षा वेगळे, कर्कश आणि न थांबणारे वाटले, तर संध्याकाळचे रडणे म्हणून सोडून न देता त्याच दिवशी तिला बालरोगतज्ज्ञांकडे न्या.

येत्या तीन आठवड्यांत नातीच्या दहाव्या आठवड्याच्या लसीची तारीख येईल. त्या दिवशी सुनेसोबत तुम्ही जा, काट्यावरचे वजन स्वतः पाहा आणि माता-बाल कार्डावरच्या आलेखात ते कुठे आले हे परिचारिकेकडून समजून घ्या. पाण्याबद्दल, गुटीबद्दल, शी न होण्याबद्दल जे जे मनात आहे ते सुनेच्या समोरच डॉक्टरांना विचारा, म्हणजे उत्तर दोघींनी एकत्र ऐकलेले असेल. तोवर फडताळातला डबा न उघडता तसाच राहू द्या, आणि डॉक्टरांनी गरज नाही असे सांगितले तर मुलाला तो दुकानात परत करायला सांगा.